चौकशीच्या खोलीबाहेरचा बाक

मी एक जुना बाक आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्यावर आजवर क्वचितच कुणी सुखाने बसले आहे. यात माझा काही दोष नाही, मित्रांनो. माझी पाठ हवी तेवढीच कलती आहे, पाय भक्कम आहेत आणि एक खिळासुद्धा कधी वर आलेला नाही. ज्या सुताराने मला घडवले तो भारी चोखंदळ होता. रंधा मारून झाला की तो डोळे मिटून तळहात फिरवायचा आणि कुठे खरखरीत लागले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. त्याची बायको वैतागून म्हणायची, "अहो, बाक करताय की पाळणा?" तो ऐकून न ऐकल्यासारखे करायचा.

तिथून मी एका मोठ्या लाँड्रीत आलो. इथे रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी ढिगांनी येतात. दिवसभर वाफ, साबणाचा वास आणि ढकलगाड्यांचा खडखडाट. सुरुवातीला मी पुढच्या दालनात होतो. मोठ्या साहेबांनी माझ्यावरून हात फिरवून "वा!" म्हटले होते. माझ्या वाट्याला आलेले कौतुक एवढेच. पुढे गुबगुबीत कोच आले आणि मला उचलून मागच्या बोळात, चौकशीच्या खोलीबाहेर ठेवण्यात आले.

या खोलीला दोन दारे आहेत. एक कार्यालयाच्या बाजूला उघडते. त्यातून अधिकारी येतात आणि जातात. दुसरे माझ्या शेजारी. त्यातून साक्षीदार जातात आणि ज्याच्यावर आरोप आहे तो जातो. माझ्याकडच्या दारावर लाकडी पट्ट्यांचा एक झरोका आहे. वाफेने त्या पट्ट्या फुगल्या आणि कायमच्या उघड्या राहिल्या. त्यामुळे आत कुणी साध्या आवाजात बोलले तरी शब्द न् शब्द माझ्यापर्यंत येतो, आणि माझ्यावर बसलेल्या माणसापर्यंतही. बोळाच्या बाजूच्या सगळ्यांना हे ठाऊक होते. कार्यालयाच्या बाजूच्या एकालाही नव्हते, कारण त्यांच्यापैकी कुणी माझ्यावर कधी बसलेच नाही.

मला माणसाचा चेहरा नीट दिसत नाही, पण बसणे बरोबर कळते. खोटे बोलून आलेला माणूस धपकन बसतो. खरे बोलूनही ज्याच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, तो सावकाश बसतो आणि बराच वेळ उठत नाही. कुणी काठावर टेकतात, जणू मी त्यांना चावणार आहे. एक ड्रायव्हर माझ्यावर बसून निकालाची वाट पाहता पाहता चक्क घोरू लागला होता, पण असा बहाद्दर एकच. बाकी सगळ्यांच्या घामाने माझे पॉलिश गेले. वर्षातून एकदा कुणी तपासणीला येणार असले की शिपाईकाका माझ्यावर ओले फडके मारतात, तेही पुढच्या बाजूनेच.

आता ज्या चौकशीने माझा जीव टांगणीला लागला ती सांगतो.

आमच्या लाँड्रीत इस्त्रीचे मोठे रोलर मशीन आहे. ओली चादर एका बाजूने सारायची आणि ती कडक होऊन दुसऱ्या बाजूने येते. रोलर तापलेला असतो, म्हणून त्याच्यासमोर एक आडवी दांडी बसवली आहे. बोटे चुकून पुढे गेली की ती दांडीला लागतात आणि मशीन थांबते. पण जाड चादरीचा बोळा लागला तरी ते थांबते. मग कामाचा खोळंबा होतो, आणि खोळंबा म्हटला की सुपरवायझरचे डोके फिरते. हे सुपरवायझर उठता बसता "चला चला" करायचे, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे चला-चला म्हणत. तोंडावर अर्थात 'साहेब'.

या मशीनवर दोन जावा कामाला होत्या. मोठी चादर सारायला दोन माणसे लागतात. थोरली एक टोक धरायची, धाकटी दुसरे. दोघी एकाच घरातल्या, एकाच स्वयंपाकघरातल्या. भांडणेही एकत्रच करत, पण मशीनवर त्यांचे हात असे जुळत की मध्ये बोलायची गरज पडत नसे.

एके दिवशी थोरलीचा उजवा हात रोलरखाली गेला. दांडीने मशीन थांबवले नाही, कारण दांडी कापडाच्या चिंधीने मागे बांधून ठेवलेली होती. धाकटीने धावत जाऊन बटण दाबले तोवर बोटे भाजली होती.

त्यानंतर थोरलीच्याच हाती आरोपपत्र पडले. सुरक्षेचे साधन जाणूनबुजून निकामी केले, असा आरोप होता. तो सिद्ध झाला तर तिची नोकरी जाणार होती, आणि स्वतःच्या चुकीने भाजली म्हणून उपचाराची जबाबदारीही कुणी घेणार नव्हते. चौकशी करायची होती मनुष्यबळ विभागाच्या नव्या मॅडमना. त्यांची ही इथली पहिलीच चौकशी. सगळे नियमाप्रमाणे व्हावे म्हणून त्या फार जपत होत्या. आरोप लेखी दिला, उत्तराला वेळ दिला, साक्षीदारांची नावे आधी कळवली. आणि कामाचा खोळंबा नको म्हणून सगळ्यांना एकाच सकाळी बोलावले.

त्या सकाळी दोघी जावा सर्वांत आधी येऊन बसल्या. थोरलीचा पट्टी बांधलेला हात तिच्या मांडीवर होता. धाकटीचा पाय इतका हलत होता की माझे चारही पाय फरशीवर वाजत होते.

"ताई, मी सांगून टाकते," धाकटी कुजबुजली. "दांडी मी बांधली म्हणून."

"गप्प बस."

"पण बांधली मीच ना! आणि बांधायला लावली त्यांनी. 'गाडी उभी आहे, बांधा ती दांडी मागं, चला चला.' तुमच्यासमोरच म्हणाले."

"त्यांच्याविरुद्ध आपलं कोण ऐकणार आहे? माझं नाव तर आधीच आलंय. आता तुझंही आलं तर दोघी घरी बसू. तुझ्या भावजींना अजून काम लागलेलं नाही. पोरांना काय वाढायचं, हवा?"

"मग तुम्ही एकट्यानं का सोसायचं?"

थोरलीने उत्तर द्यायच्या आत बोळाच्या टोकाला पावले वाजली. चला-चला आले. आल्या आल्या ते दोघींच्या मधोमध बसले, बरोबर झरोक्याखाली. "अरे, तोंडं कसली पाडताय! दोन प्रश्न विचारतील, संपलं. मी आहे ना इथे, धीर द्यायला."

मित्रांनो, असा धीर मी पुष्कळदा पाहिला आहे.

पहिली साक्ष त्यांचीच झाली. कामगार आपल्या मनाने दांडी बांधतात, मी हजारदा ओरडतो, पण ऐकतो कोण, असे सांगून ते बाहेर आले आणि पुन्हा त्याच जागी बसले. मशीन सोडून तिथे बसायचे त्यांना काही कारण नव्हते. पण हटकणार कोण? शिपाईकाका मान खाली घालून उभे होते.

मग घडीवाले काका आत गेले. ते मशीनच्या मागे उभे राहून चादरींच्या घड्या घालतात. भला माणूस, निवृत्तीला आलेला.

"दांडी कुणी बांधली, तुम्ही पाहिलंत?" मॅडमचा आवाज झरोक्यातून स्पष्ट आला.

त्याच वेळी माझ्यावर बसलेले चला-चला खाकरले. मोठ्याने नाही, घशात काही अडकल्यासारखे. पण झरोक्यातून आवाज जसा बाहेर येतो तसा आतही जातो.

"नाही मॅडम," काका म्हणाले. "मी घड्या घालत होतो."

"बांधायला कुणी सांगितलं होतं का?"

पुन्हा खाकरणे.

"तसं कधी कानावर आलं नाही. कामगार आपल्या मनानं बांधतात."

काका बाहेर आले आणि न बसताच निघून गेले. मग धाकटीला हाक आली. ती उठली तेव्हा चला-चलांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. नुसते पाय लांब केले आणि हाताची घडी घातली.

आत प्रश्न झाला. मला वाटले, आता ही पोर सांगणार. मी मनातून तिला सांगत होतो, बोल बाई, एकदा बोलून मोकळी हो.

खाकरण्याचा आवाज झाला.

"ताईनं बांधली असेल," धाकटी म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

जावेला गप्प राहायला थोरलीनेच सांगितले होते. पण गप्प राहणे निराळे आणि हे निराळे. थोरली जागची हलली नाही. तिचा पट्टीतला हात मांडीवरून घसरून माझ्या फळीवर आला आणि तिथेच पडून राहिला. चला-चला तिच्याकडे कलले. "बघा बाई, घरचंच माणूस म्हणतंय. आता तुम्ही वाकड्यात शिरू नका. चला, जा."

ती आत गेली. मॅडमनी तिला पाणी दिले, खुर्ची नीट ठेवायला लावली. मग म्हणाल्या, "तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे. नीट आठवून सांगा. दांडी कुणी बांधली?"

"आठवत नाही."

"कुणी सांगितलं होतं का बांधायला?"

"आठवत नाही, मॅडम."

मॅडमनी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. त्यांना कळत नव्हते की ही बाई स्वतःच्या बाजूने एक शब्दही का बोलत नाही. मला कळत होते आणि माझ्या लाकडाचा नुसता जळफळाट होत होता. पण बाकाला बोलता येत नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्या. आता फक्त निष्कर्ष लिहायचा उरला होता.

मॅडम तो लिहायला आल्या त्या दिवशी एक साधीच गोष्ट घडली. खोलीत मोठे साहेब फोनवर बोलत होते आणि कार्यालयाकडचे दार त्यांनी आतून लावले होते. वळसा घालून मॅडम बोळातून आल्या. माझ्याकडचे दारही बंद दिसले, म्हणून त्या कागद मांडीवर घेऊन माझ्यावर बसल्या. अधिकारी म्हणावे असे माणूस पहिल्यांदाच माझ्यावर बसले होते. मला त्याचे भारी कौतुक वाटले.

वरच्या झरोक्यातून मोठ्या साहेबांचा आवाज आला. "हो डॉक्टर, ते चूर्ण घेतलं. दोनदा घेतलं. पण पोट काही साफ होत नाही हो."

मॅडमना हसू आले. त्यांनी ओठ दाबून धरले. मोठे साहेब आपल्या पोटाची हकीकत पहाटेपासून अगदी तपशिलात सांगत होते आणि मॅडमचे खांदे हलत होते. मग ते हलायचे थांबले. त्या उठल्या, दारापाशी गेल्या आणि मान वर करून झरोक्याकडे पाहत राहिल्या.

"काका," त्यांनी शिपाईकाकांना हाक मारली, "इथे बसलं की आतलं सगळं ऐकू येतं?"

"येतं की."

"त्या दिवशी इथे कोण कोण बसलं होतं?"

काकांनी सांगितले. कोण कुठे बसले होते आणि कोण शेवटपर्यंत उठले नाही, तेही सांगितले. खाकरण्याचे मात्र सांगताना ते अडखळले.

"अहो, मग मला का नाही बोललात?"

काका ओशाळले. "मॅडम, आम्हाला वाटलं, बाक तिथे मुद्दामच ठेवलाय."

मॅडम पुन्हा माझ्यावर बसल्या. नियमाचे एकही पान त्यांनी सोडले नव्हते, पण दाराच्या या बाजूला एकदा येऊन बघायचे त्यांना सुचले नव्हते. ज्याच्याविषयी विचारायचे, त्याच्याच कानावर पडेल असे त्यांनी साक्षीदारांना बोलायला लावले होते. आणि त्यावर एका बाईची नोकरी काढून घेणारा निष्कर्ष त्या लिहायला निघाल्या होत्या.

मोठ्या साहेबांचा फोन संपला. मॅडम आत गेल्या. पुढचे सगळे अर्थातच मला ऐकू आले.

"सर, ही चौकशी मी रद्द करतेय. पुन्हा घेणार आहे."

"काय झालं? सह्या झाल्यात ना?"

"झाल्यात. पण साक्षीदार बोलत होते तेव्हा सुपरवायझर बाहेर बसून सगळं ऐकत होते. बाहेर आतला प्रत्येक शब्द ऐकू येतो."

"काहीतरीच! एवढं कुठे ऐकू येतं?"

मॅडम म्हणाल्या, "चूर्णानं गुण येत नसेल तर डॉक्टर बदला, सर."

मग साहेबांचा आवाज चढला. "हे बघा, चूक कुणाची आहे ही?"

"माझी. मी तसं लिहून देते."

"नवीन आहात तुम्ही. पहिल्याच चौकशीत स्वतःची चूक लिहून देणार? तुमच्याबद्दल इथे काय मत होईल? त्या बाईनं स्वतःच 'आठवत नाही' म्हटलंय. संपवा ना प्रकरण."

"मला भीती वाटतेय, सर, खोटं कशाला बोलू? पण उद्या ती कामगार न्यायालयात गेली तर पहिला प्रश्न हाच येईल, की साक्षी झाल्या तेव्हा बाहेर कोण होतं. आणि ती नाही गेली तरी मला आता कळलंय ते मी विसरू कशी?"

मी श्वास रोखून, म्हणजे बाकाला जेवढा रोखता येतो तेवढा रोखून, वाट पाहत होतो. शेवटी साहेब तुटकपणे म्हणाले, "घ्या पुन्हा. पण लवकर."

दुसरी चौकशी बोळाच्या पार टोकाला, चादरींच्या कोठारात झाली. तिथे छतापर्यंत गठ्ठे रचलेले असतात. ओरडले तरी बाहेर ऐकू येत नाही. मॅडमनी आधी शिपाईकाकांना आत बोलायला लावून स्वतः बाहेर उभे राहून खात्री केली. "काय बोलू?" असे काकांनी तीनदा विचारले म्हणे, आणि तेही बाहेर पोचले नाही. चला-चलांना चौकशी होईपर्यंत दुसऱ्या शाखेत पाठवले. साक्षीदारांना निरनिराळ्या वेळी, एकेकाला बोलावले. हवे तर विश्वासाचा सोबती आणा, म्हणून सांगितले. खरे बोलल्याबद्दल कुणाला त्रास देता येणार नाही, हे लेखी दिले. मात्र एकमेकांशी या विषयावर बोलायचे नाही, अशी ताकीदही होती.

धाकटीची वेळ आली तेव्हा कोठाराकडे जाता जाता ती माझ्यापाशी थबकली आणि काठावर टेकली. तिचे पाऊल पुढे पडत नव्हते. खरे सांगावे तर दांडी बांधणारे हात तिचेच होते. काय होईल, कोणी सांगावे? परत खोटे बोलावे तर थोरली कायमची घरी. त्याच वेळी थोरली हाताची पट्टी बदलून येत होती. तीही थांबली आणि माझ्या दुसऱ्या टोकाला बसली. पहिल्या चौकशीपासून दोघींचे घरात बोलणे बंद आहे, हे साऱ्या लाँड्रीला माहीत होते.

दोघींना बोलायची मनाई होती, आणि दोघी बोलल्याही नाहीत. धाकटी उठली तेव्हा मात्र थोरली समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "पाणी पिऊन जा. आत तोंड कोरडं पडतं."

धाकटी माठाशी जाऊन पाणी प्यायली आणि कोठारात गेली. दार लागले.

मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला काही ऐकू आले नाही. मी सवयीने कान टवकारले होते. चाकांचा खडखडाट आणि वाफेची फुसफुस एवढेच येत होते. आत एक बाई बोलत होती आणि ते फक्त ऐकायचे होते त्यांनाच ऐकू जात होते. माझी घालमेल झाली हे खरे, पण त्याहून जास्त मला बरे वाटले.

ती बऱ्याच वेळाने परत आली. थोरली तिथेच होती. धाकटी तिच्या शेजारी बसली आणि तिच्या खांद्यावर डोके टेकून रडू लागली. काय सांगितले ते ती बोलली नाही आणि थोरलीने विचारले नाही. तिने डाव्या हाताने जावेचे नाक पुसले. "पुरे आता," ती म्हणाली, "माझी साडी भिजली."

निकाल लागला. घडीवाल्या काकांनीही या वेळी तोंड उघडले होते. दांडी सुपरवायझरच्या हुकुमाने बांधली जात होती, हे सिद्ध झाले. थोरलीवरचा आरोप गेला, उपचाराची जबाबदारी लाँड्रीकडे आली. असा हुकूम पुन्हा झाला तर मशीन बंद करून थेट कळवायचे, अशी धाकटीला लेखी समज मिळाली आणि तिचे काम राहिले. चला-चलांच्या हाताखालची माणसे काढून घेतली. मॅडमनी अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात आपली चूक लिहिली, आणि त्या अजूनही इथेच आहेत.

पण थोरलीची दोन बोटे आजही वळत नाहीत. निकालाने न्याय दिला, बोटे नाही दिली. मशीनवर जाणाऱ्यांनी केस घट्ट बांधायचे असतात आणि ते तिला एका हाताने जमत नाही. म्हणून पाळी सुरू व्हायच्या आधी दोघी माझ्यावर येऊन बसतात आणि धाकटी तिची वेणी घालते. कधी ओढली जाते, मग थोरली ओरडते. धाकटी "बरं, बरं" म्हणते आणि पुन्हा पहिल्यापासून घालते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या मोठे होऊन खुर्चीत बसाल. तुमच्यासमोर कुणाची तरी भाकरी पणाला लागलेली असेल. त्या दिवशी मला पॉलिश केले नाही तरी चालेल. पण कुणालाही हाक मारण्याआधी तुम्ही स्वतः उठा, दाराच्या या बाजूला या आणि माझ्यावर थोडा वेळ बसा. आत एखाद्याला हळू बोलायला सांगा. ऐकू आले, तर त्या दिवशी कुणालाही आत बोलावू नका.